चहाचे अक्षर

श्रोतेहो, मांद्र्याच्या आमच्या जुन्या घरात स्वयंपाकघरातील फळीवर पत्र्याचा एक चौकोनी डबा असे. आमच्या वाड्यावरचे एक गृहस्थ बोटीवर नोकरीला होते. पूर्वेकडील कोठल्याशा बंदरातून त्यांनी तो आणला आणि माझ्या आजीला दिला. मूळचा तो चहाचा डबा. आतील चहा केव्हाच संपून गेला होता आणि आजी त्यात भिरंडाची सोले भरून ठेवीत असे. डब्याच्या दर्शनी बाजूवर काळ्या रंगात एकच मोठे चिनी अक्षर होते. आम्हां मुलांना ते अक्षर न वाटता चित्र वाटे. वर कुंपणाच्या काठ्या, त्यांखाली दोहों बाजूंना उतरते छप्पर आणि छपराखाली एक झाड, असे काहीसे आम्ही त्यात पाहत असू.

त्याच सुमारास शाळेत ‘माझी सकाळ’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला होता. मी लिहिले, ‘आजी मला चा देते.’ गुरुजींनी ‘चा’ या शब्दावर तांबडी रेघ ओढली आणि बाजूला स्वच्छ अक्षरात ‘चहा’ असे लिहिले. मराठी निबंधात मराठी शब्द हवा, हे त्यांचे म्हणणे त्यांच्यापुरते योग्यच होते. परंतु मी त्यावरून वेगळाच अर्थ काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने नेहमीप्रमाणे ‘चा घे रे’ म्हणताच मी तिला सुनावले, ‘चा नव्हे, चहा म्हण. चा चुकीचे आहे.’ ती हसली. काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून तिने माझ्यासमोर तो शब्द उच्चारला नाही. कप पुढे सरकवी आणि ‘घे’ एवढेच म्हणे.

आज मी आपणांस त्या डब्यावरच्या अक्षराची हकीकत सांगणार आहे. ती सांगून झाल्यावर, त्या सकाळी मी आजीवर किती मोठा अन्याय केला होता, हेही आपल्या ध्यानात येईल.

प्रथम त्या अक्षराचे रूप पाहू. चिनी लिपी आपल्या देवनागरीसारखी ध्वनींची लिपी नाही. तिचे एकेक अक्षर म्हणजे बहुधा एकेक शब्दच असतो, आणि पुष्कळ अक्षरे लहान लहान अवयव जोडून झालेली असतात. चहाच्या अक्षराचे तीन भाग दिसतात. सर्वांत वर गवताची किंवा वनस्पतीची खूण. मध्यभागी दोन तिरक्या रेघा, त्या ‘माणूस’ या अक्षरासारख्या. आणि सर्वांत खाली जवळजवळ ‘झाड’ हे अक्षर. यावरून एक गोड उपपत्ती निघाली आहे आणि चहाच्या दुकानांतून, पुस्तकांतून ती आवडीने सांगितली जाते. गवत आणि झाड यांच्यामध्ये उभा असलेला माणूस म्हणजे चहा! सृष्टीच्या मध्यभागी माणसाला क्षणभर विसावा देणारे पेय, असा तिचा भावार्थ.

दुसरी गंमत याहून मनोरंजक आहे. वरच्या गवताच्या खुणेत दोन वेळा ‘दहा’ हे चिनी अक्षर दिसते. म्हणजे वीस झाले. खालच्या भागाचे तुकडे केले तर त्यांतून ‘आठ, दहा, आठ’ अशी अक्षरे काढता येतात, आणि चिनी पद्धतीने त्यांचा अर्थ अठ्ठ्याऐंशी होतो. वीस आणि अठ्ठ्याऐंशी मिळून एकशे आठ. म्हणून चीन व जपान या देशांत १०८ वर्षांच्या आयुष्याला ‘चहाचे वय’ असे म्हणतात. आपल्याकडे सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा करतात, त्याच जातीची ही कल्पना. आणि १०८ हा आकडा ऐकल्यावर आपल्यापैकी कोणाला जपमाळेचे मणी आठवणार नाहीत?

ही दुसरी गोष्ट उघडउघड खेळ आहे. तो खेळ म्हणूनच खेळला जातो आणि त्यात कोणाची फसवणूक नाही. पहिली गोष्ट मात्र खरी म्हणून सांगितली जाते, आणि ती खरी नाही. माणूस, गवत व झाड यांचा मेळ घालून कोणी हे अक्षर रचले नाही. ते एका जुन्या अक्षरातून, केवळ एक रेघ गळून, तयार झाले आहे.

ते जुने अक्षर आजच्या उत्तर चीनमधील उच्चाराप्रमाणे ‘थू’ असे वाचले जाते. त्याचा एक जुना अर्थ कडू पालेभाजी. आपण कडू वस्तू तोंडात गेली की ‘थू’ म्हणतो, तेव्हा हे नाव आपल्या कानाला फारच साजेसे वाटेल. पण श्रोतेहो, हा निव्वळ योगायोग आहे. आपल्या गावोगावच्या स्थलनामांच्या व्युत्पत्ती अशाच कानाला गोड लागणाऱ्या साम्यावर उभ्या असतात, म्हणून मुद्दाम इशारा दिला.

या ‘थू’चे अर्थ अनेक होते. चीनमधील अतिप्राचीन काव्यसंग्रहात ती कडू वनस्पती म्हणून येते. दुसरीकडे, काशाच्या तुऱ्यांसारखा शुभ्र फुलोरा येणाऱ्या गवताचेही तेच नाव होते. वू राज्याच्या सेनेचे एक प्रसिद्ध वर्णन जुन्या ग्रंथात आहे. त्यात तांबड्या वेषातील तुकडी अग्नीसारखी आणि पांढऱ्या वेषातील तुकडी थूच्या फुलोऱ्यासारखी दिसत होती, असे म्हटले आहे. त्यावरूनच ‘आगीसारखे, थूसारखे’ असा वाक्प्रचार रूढ झाला आणि मोठ्या जोमाने चाललेल्या कार्याविषयी तो आजही वापरतात. ‘विष’ या अर्थाच्या अक्षराशेजारी बसले की तेच अक्षर यातना व छळ यांचा अर्थ देते. म्हणजे एका अक्षराने भाजी, फुलोरा आणि यातना असे तीन संसार सांभाळले होते. त्यांतच चौथा येऊन मिळाला. तो म्हणजे चहा.

हा चौथा अर्थ केव्हा आला? इसवी सनापूर्वी ५९ या वर्षी वांग पाओ नावाच्या लेखकाने एका गुलामाच्या खरेदीचा करार लिहिला. लेखन अर्धे विनोदी आहे. उर्मट गुलामाची खोड मोडावी म्हणून त्याच्या माथी मारलेल्या कामांची लांबलचक यादी त्यात आहे. त्या कामांत ‘थू’ उकळणे आणि दूरच्या बाजारातून ‘थू’ विकत आणणे ही दोन कामे आहेत. घटना आजच्या सच्वान प्रांतातील आहे, आणि तो चहाचा जुना मुलूख. भाजी तर दारातही मिळाली असती. विकत आणावयाची ती वस्तू चहाच असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. याला अलीकडे मातीतून दुजोरा मिळाला आहे. इसवी सनापूर्वी १४१ मध्ये मृत्यू पावलेल्या हान घराण्यातील चिंग या सम्राटाच्या समाधिस्थानात पुरलेल्या वस्तूंमध्ये पानांचे अवशेष सापडले होते. त्यांची रासायनिक तपासणी होऊन, तो चहाच आहे, असे २०१६ साली प्रसिद्ध झाले. वस्तू होती, वापर होता; तिच्या मालकीचे अक्षर मात्र अजून नव्हते. एखाद्या पोराने दुसऱ्याच्या घरी वाढावे, तसा चहा कडू भाजीच्या घरी वाढत होता.

तांग घराण्याच्या काळात हे पोर मोठे झाले. लू यू या पुरुषाने आठव्या शतकात ‘चहाचा ग्रंथ’ लिहिला. लू यूचा जन्म ७३३ चा. तो लहानपणी टाकून दिलेला. एका बौद्ध भिक्षूने त्याला विहारात वाढविले. त्याच्या ग्रंथाची दहा प्रकरणे असून त्यांत रोपापासून पेल्यापर्यंत सर्व काही आले आहे. त्याने चहाची पाच नावे दिली आहेत आणि अक्षर कसे लिहावे याचीही चर्चा केली आहे: कोणी वनस्पतीच्या खुणेने लिहितात, कोणी झाडाच्या खुणेने, कोणी दोन्ही घालून. ज्या वस्तूचे अक्षर कसे लिहावे याविषयी ग्रंथकाराला असा खुलासा करावा लागतो, त्या वस्तूचे अक्षर अजून स्थिर झालेले नाही, हे उघड आहे.

ते स्थिर केव्हा झाले, याचा शोध घेणारा मनुष्य आपल्या शिवछत्रपतींचा समकालीन होता. गू यान-वू हे त्याचे नाव. जन्म १६१३, मृत्यू १६८२. आपले राज्य बुडाल्यावर नव्या राजवटीची चाकरी पत्करावयाची नाही, असा निर्धार करून हा पंडित देशभर हिंडला आणि जुने शिलालेख स्वतःच्या डोळ्यांनी वाचीत गेला. आपल्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी दप्तरांसाठी जी पायपीट केली, तिची आठवण यावी असे हे जीवित. ताइ पर्वताच्या परिसरात त्याला ७७९ आणि ७९८ या वर्षांचे दोन लेख दिसले. त्यांत चहाचा उल्लेख होता, पण अक्षर जुनेच, सर्व रेघांसह लिहिलेले. नंतर ८४१ आणि ८५५ या वर्षांचे दोन स्मारकलेख त्याने तपासले, तेव्हा त्यांत ती एक रेघ गळालेली आढळली. यावरून त्याने निष्कर्ष काढला की, तांग काळाच्या मध्यानंतर हे अक्षर बदलले. पुढच्या अभ्यासकांनी या मतात बारीकसारीक भर घातली. पण दगडापुढे उभे राहून अक्षर मोजण्याची त्याची रीत अजोड आहे.

श्रोतेहो, आता जी गोष्ट सांगणार आहे, ती प्रथम वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ स्वस्थ बसलो होतो. ८४१ आणि ८५५ चे ते दोन्ही लेख बौद्ध आचार्यांच्या स्मरणार्थ कोरलेले आहेत, आणि रेघ गळालेले ते अक्षर तेथे चहाकरिता आलेलेच नाही. ते आले आहे एका भारतीय शब्दाच्या पोटात. भिक्षूच्या देहाला अग्नी देण्याच्या विधीला चिनी बौद्धांनी पाली भाषेतील ‘झापेति’, म्हणजे जाळतो, या शब्दाशी नाते सांगणारा एक शब्द घेतला आणि तो लिहिण्यासाठी ध्वनी जुळतो म्हणून हे अक्षर योजले. ज्या अक्षराने पुढे साऱ्या जगाला चहा दिला, त्याच्या नव्या वळणाचे हे पुरावे भारतातून गेलेल्या अंत्यविधीच्या शब्दात जपलेले आहेत.

एवढेच नव्हे. ‘मण्डल’ हा आपला संस्कृत शब्द चिनी भाषांतरकारांनी तीन अक्षरांत लिहिला, त्यातील मधले अक्षर हेच जुने ‘थू’. ‘डाकिनी’ लिहितानाही त्यांनी तेच वापरले. म्हणजे ते ‘ड’च्या जागी बसविलेले आहे. त्या काळी त्या अक्षराचा एक उच्चार, जिभेचे टोक वर वळवून निघणाऱ्या आपल्या ‘ड’काराच्या जवळचा होता, हे यावरून कळते. चीनची लिपी ध्वनी नोंदवीत नाही. तेव्हा चिनी अक्षरांचे जुने उच्चार शोधणाऱ्या पंडितांना संस्कृत शब्दांचे हे लिप्यंतर मोठा आधार देते. आपल्या भाषेने त्या भाषेला केलेली ही सेवा आपल्याला बहुधा ठाऊक नसते.

आता त्या मधल्या माणसाकडे परत जाऊ. जुन्या अक्षरात वर वनस्पतीची खूण आणि खाली ‘यू’ असे वाचले जाणारे एक अखंड अक्षर होते. हे खालचे अक्षर अर्थासाठी नव्हे, तर उच्चार सुचविण्यासाठी ठेवलेले. त्याचीच एक आडवी रेघ गळाली आणि उरलेल्या भागात लोकांना माणूस व झाड दिसू लागले. माणूस तेथे कधी नव्हताच. होता तो एका ध्वनीचा अवशेष. मी लहानपणी डब्यावर छप्पर पाहिले, रसिकांनी माणूस पाहिला; दोन्ही कल्पना सारख्याच. अक्षराचा अर्थ त्याच्या आकृतीत दडलेला नसतो. तो अक्षर वापरणाऱ्या माणसांत असतो. कडू भाजीच्या अक्षराने चहा लिहिला गेला, कारण लोकांनी तसा लिहिला. आणि चहाचा व्याप एवढा वाढला की घोटाळा नको म्हणून एक रेघ सोडून देणे लोकांना सोयीचे झाले. कोणा सम्राटाने हुकूम काढून ती रेघ पुसलेली नाही.

अक्षर असे स्थिरावले. पण त्याचा उच्चार एक राहिला नाही. चिनी लिपीचा हाच मोठा विशेष की, अक्षर एक असले तरी प्रांतोप्रांती ते वेगवेगळे वाचले जाते. त्या जुन्या ‘ड’कारासारख्या ध्वनीतून चीनच्या बहुतेक भागांत ‘च’ निघाला आणि ‘चा’ हा उच्चार झाला. फूच्येन प्रांताच्या दक्षिण किनाऱ्यावर, अमॉय बंदराच्या बोलीत मात्र तो ‘ते’ असा झाला. मग जो परका ज्या बंदरात उतरला, त्याने तेथला उच्चार उचलला. डच व्यापाऱ्यांचे संबंध फूच्येनच्या व्यापाऱ्यांशी आले. त्यांच्याकडून ‘ते’चा उच्चार पश्चिम युरोपात पसरला आणि इंग्रजीत ‘टी’ झाला. तमिळमधील ‘तेयिलै’ याच शाखेचे. खुष्कीच्या मार्गाने ‘चा’ मध्य आशियात गेला, फारसीत ‘चाय’ झाला, आणि रशिया, तुर्कस्तान व आपला हिंदी मुलूख येथे त्याच रूपाने नांदतो. म्हणजे ‘टी’ आणि ‘चाय’ हे वेगळे शब्द नव्हेत. एकाच अक्षराची ती दोन वाचने आहेत.

आणि येथे आपले गोवे या कथेत येते. युरोपातील पोर्तुगीज लोकांनी मात्र ‘ते’ घेतले नाही. ते ‘शा’ म्हणतात आणि लिहितात तो शब्द मुळात ‘चा’ आहे. कारण त्यांचे ठाणे होते मकाव. १५५७ च्या सुमारास ते तेथे स्थिरावले, आणि आसपासच्या कँटनी बोलीत हे अक्षर ‘चा’ असे वाचले जाते. त्या मकावचा कारभार गोव्यातून चाले. १८४४ साली मकावला वेगळे काढीपर्यंत ते गोव्याच्या गव्हर्नराच्या अधिकाराखाली होते. गोव्याहून निघालेली जहाजे मकाववरून जपानपर्यंत जात आणि परतताना रेशीम, चिनी मातीची भांडी व इतर जिन्नस आणीत. गास्पार द क्रूझ हा दोमिनिकन पाद्री १५४८ साली हिंदुस्थानात आला आणि पुढे कँटनला गेला. चीनविषयीचे त्याचे पुस्तक १५६९ ते १५७० मध्ये पोर्तुगालात छापले गेले. घरी आलेल्या पाहुण्याला तेथील लोक ‘चा’ नावाचे किंचित कडवट, तांबूस, औषधी पाणी देतात, असे त्याने नोंदविले आहे. पाहुणा आला की आधी चहा, ही रीत तेव्हापासूनची तरी आहेच! लिन्स्खोटेन नावाचा डच तरुण १५८३ पासून सुमारे पाच वर्षे गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी होता. त्याच्या प्रवासग्रंथाचे १५९८ साली इंग्रजी भाषांतर झाले आणि त्यात जपानी लोकांच्या या पेयाचे वर्णन ‘चा’ याच नावाने आले. इंग्रजी भाषेतील या पेयाच्या अगदी पहिल्या उल्लेखांत त्याची गणना होते. म्हणजे इंग्रजांच्या कानी आधी गोव्यात राहून गेलेल्या माणसाचा ‘चा’ पडला. ‘टी’ मागून आला.

आशियातील भाषांत गेलेले पोर्तुगीज शब्द आणि पोर्तुगीजांत आलेले आशियातील शब्द यांची मोजदाद करणारा महापंडित आमच्या शेजारच्याच महालातला. मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांचा जन्म १८५५ साली बार्देशातील आसगाव येथे झाला. शापोरा नदी ओलांडली की आसगाव मांद्र्याहून फार दूर नाही. त्यांचा या विषयावरील मोठा ग्रंथ १९१३ चा. कोश १९१९ आणि १९२१ असा दोन खंडांत निघाला. पाव, बटाटा, चावी, पगार हे शब्द आपण रोज बोलतो आणि ते कोठून आले याचा विचारही करीत नाही. दाल्गादोंनी तो आयुष्यभर केला.

आता आपल्या मराठीतील ‘चहा’ नेमका कोणत्या वाटेने आला? फारसी ‘चाय’ उत्तरेकडून येत होता, पोर्तुगीज ‘चा’ किनाऱ्यावर होता, आणि सुरतेच्या बंदरात दोन्ही भेटत होते. ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज धर्मोपदेशक १६८९ साली सुरतेस होता. तेथील वाणी लोक पाण्यात मसाल्याचे जिन्नस घालून चहा उकळतात आणि डोकेदुखी व पोटदुखीवर घेतात, असे त्याने लिहिले आहे. आपला मसाल्याचा चहा काल-परवाचा नव्हे, तो असा. हिंदीत ‘चाय’, पण गुजराती, बंगाली व कोकणी यांत ‘चा’ किंवा त्याच्या निकटची रूपे, आणि मराठी व कानडी यांत ‘चहा’. शेवटचा ‘य’ नसलेली ही रूपे किनाऱ्याकडे झुकतात, एवढे निश्चित दिसते. मराठीने त्यात आपला एक हकार घातला आणि शब्दाला आपलेसे केले. चिन्यांनी रेघ काढली, आपण हकार घातला. दोहोंचेही कारण एकच, नित्याचा वापर.

परंतु वस्तू आपलीशी होणे आपल्याकडे इतके सोपे नव्हते. १८९० साली पुण्यात काय झाले, ते अनेकांस ठाऊक असेल. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव यांनी काही प्रतिष्ठित मंडळींना पंचहौद मिशनमध्ये नेले. तेथे मिशनऱ्यांनी चहा पुढे केला. कोणी घेतला, कोणी केवळ पेल्याला हात लावला. गोपाळरावांनी नावे वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध करविली. त्या नावांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक ही नावे होती. ग्रामण्य माजले, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले आणि प्रायश्चित्ते झाली. एका कपाने समाज असा ढवळून निघाला. मला मात्र त्यात एक गोष्ट लक्षणीय वाटते: चहा पिणाऱ्याला प्रायश्चित्त सांगितले गेले, ‘चहा’ हा शब्द उच्चारणाऱ्याला कोणी सांगितले नाही. निर्णय देणाऱ्या शास्त्र्यांनाही तोच चीनचा शब्द वापरावा लागला असणार!

भाषेची शुद्धी करण्याचे प्रयत्नही आपल्याकडे झाले. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश झाला. विसाव्या शतकात स्वातंत्र्यवीर सावरकर आणि माधव जूलियन यांनी भाषाशुद्धीचा पुरस्कार केला. त्यांतून मिळालेले ‘दिनांक’, ‘महापौर’ हे शब्द आपण अभिमानाने वापरतो, आणि वापरावेत. परंतु ‘चहा’ला हलविणारा शब्द रुजला नाही. उलट बाजूही पाहा. १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज राजसत्तेने हुकूम काढला की, प्रजेने तीन वर्षांत आपली कोकणी बोली टाकून पोर्तुगीज बोलावी. त्या वेळी आमचा पेडणे महाल त्यांच्या ताब्यात नव्हता. तो सावंतवाडीकरांकडून त्यांच्याकडे गेला १७८८ साली. त्या हुकुमाला साडेतीन शतके होत आली. कोकणी जिवंत आहे, आणि पोर्तुगीज १९६१ साली गेले. ज्या भाषेला हुकमाने मारावयाचे ठरविले, ती मेली नाही. ज्या शब्दासाठी कोणी हुकूम काढला नाही, तो घराघरांत राहिला. यावरून भाषेत खरी सत्ता कोणाची, हे उघड होते.

पेडण्याच्या आम्हां लोकांची स्थिती अशी की, उत्तरेला तेरेखोलच्या खाडीपलीकडे सावंतवाडी, दक्षिणेला शापोरापलीकडे बार्देश. देवळातील कीर्तन मराठीत, शाळेचे पुस्तक मराठीत, आणि चुलीजवळचे बोलणे आमच्या बोलीत. या दोन भाषांवरून गोव्यात पुष्कळ वाद झाले. १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या वेळी ते किती तापले होते, हे आपण जाणता. मी त्या वादाचा निवाडा करावयास येथे आलेलो नाही. मला केवळ एका शब्दापुरते सांगावयाचे आहे. ‘चहा’ आणि ‘चा’ यांत एक शुद्ध आणि दुसरा अशुद्ध, असा प्रकार नाही. दोन्ही एकाच अक्षराची वाचने आहेत. गुरुजींनी निबंधात ‘चहा’ लिहावयास लावले, ते मराठीच्या रीतीला धरून होते. पण त्यावरून मी चुलीजवळचा शब्द चुकीचा ठरविला, ती चूक सर्वस्वी माझी.

पुष्कळ वर्षांनी, चिनी भाषा जाणणाऱ्या एका स्नेह्याला मी तो डबा दाखविला. तोवर आजी गेली होती. डब्याच्या कडा गंजल्या होत्या, आत सोलांचा आंबट वास तेवढा उरला होता. त्याने अक्षरावरून बोट फिरविले आणि विचारल्याबरोबर सांगितले, ‘हे होय? हे चा.’

मी त्याला पुन्हा म्हणावयास सांगितले. त्याने पुन्हा म्हटले. कोठे हकार नाही, कोठे यकार नाही. आजी म्हणे तसाच, तेवढाच. तिला वाचता येत नव्हते. तरी ज्या डब्यात ती सोले ठेवी, त्यावरचे अक्षर ती रोज सकाळी माझ्यासाठी बरोबर वाचीत होती, आणि मी तिला गप्प केले होते.

श्रोतेहो, उद्या सकाळी आपण कप हातात घ्याल, तेव्हा त्याला चहा म्हणा, चा म्हणा किंवा चाय म्हणा. पण घरातील कोणी वडीलधारे माणूस आपल्या जुन्या वळणाने एखादा शब्द उच्चारील, तर त्यावर लगेच तांबडी रेघ ओढू नका. थोडे थांबा. तो शब्द कोठून निघाला, कोणकोणत्या बंदरांतून फिरला आणि त्या माणसाच्या ओठापर्यंत कसा पोचला, हे विचारून पाहा. विचारणारे कोणी उरत नाही, तेव्हाच शब्द खरोखर जातात.